पाळण्यातलं नाव, शाळेतलं नाव

आत्याबाई,

काल तुमच्या पणतूचं बारसं झालं. पाळणा भाड्यानं आणला नाही. माझ्या लेकीच्या वेळचाच माळ्यावरून काढला, सोड्याच्या पाण्यानं धुतला आणि ओसरीत बांधला. लेकीनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, कानात कुर्र करून नाव सांगितलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. आज दुपारी मुलगा सतरंज्या परत द्यायला गेला आहे, सून बाळाला घेऊन आतल्या खोलीत पडली आहे, आणि मी जमाखर्चाच्या वहीची मागची कोरी पानं उघडून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मी विसरले नाही. तुमच्या भावाची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायची, आणि तुमची उत्तरंही मीच लिहायची. हे एक पत्र मीच लिहिते आणि मीच वाचीन. ह्यात कोणाचं नाव लिहीत नाही. मामंजींचं नाव मी आयुष्यात तोंडानं घेतलं नाही, आता कागदावर घेऊन काय करू? आणि तुमच्या लेकाचं, आमच्या ह्यांचं, तेही लिहिताना हात थांबतो. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तुम्हाला जाऊन बावीस.

तुमचा नातू झाला तेव्हा मामंजींना जाऊन सहा महिने झाले होते. तुम्हाला आठवत असेल, त्याच्या आधी मी सकाळी भाकरीचं पीठ मळताना पोटाशी बोलत असायची. माझ्या माहेरी, वडनेरला, नदीकाठी लहानसं देऊळ आहे. तिथे मी लग्नाच्या चौथ्या वर्षी कबूल करून आले होते की मूल दे, तुझंच नाव ठेवीन. घरात हे कोणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस तुम्ही मागून आलात. "कोणाशी बोलून राह्यली वं?" म्हणालात. मी घाबरून खरं ते सांगून टाकलं. तुम्ही ते नाव एकदा म्हणून पाहिलंत, मग आणखी एकदा, आणि म्हणालात, "चांगलं आहे. तोंडात मावते." एवढंच. पण बारशाच्या आदल्या दिवशी ह्यांनी जाहीर केलं की बाप परत आला आहे, बापाचंच नाव ठेवायचं. मी हिंमत करून देवाचं बोलले तर म्हणाले, "देवाले नावं कमी आहेत काय? माह्या बापाले एकच होतं."  मॅट्रिक झालेली मी, आत जाऊन दुसऱ्या दिवशीच्या घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले.

मग त्या नावाचं जे झालं ते मी अजून कोणाला सांगितलं तर लोक हसतात. नाव ठेवलं खरं, पण ते घेणार कोण? तुमच्या नवऱ्याचं नाव, तुम्ही घेणार नाही. मामंजी होते तोवर हळदी-कुंकवाला उखाण्यात तरी तुमच्या तोंडून ते यायचं, ते गेल्यावर तुमचा उखाणाही संपला. माझ्या सासऱ्याचं नाव, मला तर उखाण्याचीही सोय नव्हती. म्हटलं, हे तरी घेतील. पण एक दिवस पोरानं दुधाचा गंज लवंडला, हे ओरडायला उठले, आणि नाव ओठापर्यंत येऊन तिथंच राहिलं. बापाचं नाव घेऊन खेकसायचं कसं? त्या दिवसापासून हेही त्याला बाबूच म्हणू लागले. ज्यांनी हट्टानं नाव ठेवलं त्यांनाही ते वापरता आलं नाही. आपल्या गल्लीत तेव्हा पाच-सहा बाबू होते. तुम्ही संध्याकाळी दारात उभं राहून "बाबू!" म्हटलं की तीन घरांतून ओ यायची, आणि आपला तेवढा यायचा नाही. तुम्ही चिडून म्हणायच्या, "एका पोराले हाक मारावं तं वरात येते!"

तो सहा वर्षांचा झाला त्या जूनची गोष्ट. मी बाळंतीण होते, लेक पंधरा दिवसांची. हे गुरांची ढेप आणायला खामगावला गेले होते. शाळेतून निरोप आला की आज नाव घातलं नाही तर पोराचं वर्ष जाईल. तुम्ही पोराला आंघोळ घातली, डोक्याला चपचपीत तेल लावलं, धुवट लुगडं नेसलात आणि त्याचं बोट धरून निघालात. मी खाटेवरून पाहत होते. मला वाटलं, सांगावं का शेजारच्या काकूला सोबत न्या म्हणून, नाव कोणीतरी घ्यायला हवं. पण शेजारच्या काकू त्यांच्या पोराचं नाव घालायला निघालेल्याच होत्या. मी निश्चिंत झाले. तुम्ही परत आलात, हातपाय धुतले आणि मला शेप टाकलेलं पाणी दिलंत. "घातलं नाव?" मी विचारलं. "घातलं," तुम्ही म्हणालात.

आठ दिवसांनी पोरगं शाळेतून येऊन ह्यांना सांगतं, "बाबा, गुरुजी मले दुसऱ्याच नावानं हाका मारते." हे गोठ्यात होते. हातातला दोर तसाच टाकून अंगणात आले. ते बोलणं माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे. "माय, काय नाव सांगितलं तू शाळेत?" तुम्ही सुपात धान्य पाखडत होतात, मान वर केली नाही. "मले काय माहीत बे. मले ते नाव घेता येते काय? तोंडात आलं ते सांगितलं." "तोंडात आलं ते? माह्या बापाचं नाव बुडवलं तू! अडाणी ते अडाणीच राह्यली!" शेजारचे लोक भिंतीवरून पाहू लागले. तुम्ही सूप खाली ठेवलं आणि म्हणालात, "हाव, आहो मी अडाणी. तुह्या बापानं कोणत्या शाळेत घातलं होतं मले?" लोक हसले. हे तणतणत गोठ्यात परत गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन आले, तर रजिस्टरात पक्क्या शाईनं लिहिलेलं. बदलायचं तर स्टँपपेपर, तहसील, बुलढाण्याच्या चकरा. पेरणी तोंडावर होती. राहून गेलं ते राहूनच गेलं. शाळेत जे नाव लागलं होतं ते माझ्या माहेरच्या देवाचं होतं. ते भांडण चाललं तेव्हा मी चुलीपाशी होते. हातात पळी होती. मी वरण ढवळत राहिले.

मला तेव्हा वाटलं, बायको-सून म्हणून मी मध्ये कशी पडणार, आणि नावही तुमच्या तोंडून सहज निघून गेलं असेल. पण चारच दिवसांनी शेजारच्या काकू बाळाला पाहायला आल्या आणि त्यांनी शाळेतलं सगळं सांगितलं. "गुरुजीनं पोट्ट्याले नाव विचारलं, थे म्हणे बाबू. गुरुजी म्हणे, बाबू नाही रे, पाळण्यातलं सांग. थे आजीच्या तोंडाकडे पाहे. मी म्हटलं, थांबा, मले घेता येते नाव, मी सांगते. तं तुही सासू माह्याकडे अशी पाहे का मी चूपच झाली. म्हणे, तू राहू दे, नातू माहा आहे. अन् ठासून सांगितलं नाव. गुरुजी म्हणे, आजी, नक्की ना? लिहू ना? तं म्हणे, लिहा, पक्क्या शाईनं लिहा." काकू हे हसत सांगत होत्या.  म्हणजे विसरलं नव्हतं, अडखळलं नव्हतं. सांगायला माणूस उभं होतं, त्याला तुम्ही गप्प केलं. सहा वर्षांपूर्वी पीठ मळताना एकदा ऐकलेलं नाव तुम्ही जपून ठेवलं होतं.

मी त्याच आठवड्यात, तुम्ही ज्वारी निवडत होतात तेव्हा, शेजारी बसले आणि म्हणाले, "आत्याबाई, ते नाव..." तुम्ही मला पुढं जाऊच दिलं नाही. "कोणतं नाव? खडे पाह्य. मागच्या खेपेला दाताखाली आला होता." मी खडे पाहत बसले. नंतरही कधी विचारलं नाही. तुम्ही ते माझ्यासाठी केलं, देवाला कबूल केलेलं पुरं व्हावं म्हणून केलं, की तुम्हाला स्वतःला नातवाला त्याच्या नावानं हाक मारायची होती? कारण त्या दिवसापासून बाबू बंद झालं. तुम्ही दारात उभं राहून ते अख्खं नाव घ्यायच्या, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात, आणि एकच पोरगं धावत यायचं. त्याचं पहिलं प्रगतीपुस्तक आलं तेव्हा तुम्ही मला म्हणालात, वाच. मी मार्क वाचू लागले. "मार्क राहू दे, नाव वाच." मी वाचलं. "आखीन वाच." तुम्ही मान हलवत ऐकत होतात.

पण ह्यांच्या लेखी तुम्ही अडाणीच राहिलात. भाजीत मीठ जास्त पडलं की हे म्हणायचे, "शाळेतल्या नावासारखं केलं का?" पाहुण्यांना गंमत म्हणून सांगायचे. पाहुणे हसायचे, तुम्हीही हसायच्या, आणि मी पाहुण्यांना चहा द्यायची. एका वाक्यात थांबवता आलं असतं. माझी इच्छा पुरी झाली होती, तिची किंमत तुम्ही मोजत होतात, आणि मला ते सोयीचं होतं. सहा वर्षं मी हे होऊ दिलं, तुम्ही गेलात तोवर. आणि तुम्ही गेल्यावरही ते चालूच राहिलं, कारण गंमत घरात मुरली होती.

आता ह्या बाळाचं ऐका. सुनेला आई नाही. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं, तेव्हा ती पुण्याच्या नोकरीतून लांब रजा घेऊन माझ्याकडे आली. शहरातली पोर, मला मम्मी म्हणते. मला वाटलं होतं, हिचं माझं कसं जमायचं. पण एक दिवस मी तिला ताक घेऊन गेले तर ती छताकडे पाहत पोटाशी बोलत होती, नाव घेऊन बोलत होती. मी दारातच थांबले. नाव दोन अक्षरी. खरं सांगते आत्याबाई, मला ते आवडलं नाही, ऐकलं की कोणाला शिंक आल्यासारखं वाटतं. अर्थ विचारला तर म्हणाली, पहाटेचा पहिला उजेड. मी म्हटलं, अगं, देवाचं काही नाही का त्यात? ती म्हणाली, "मम्मी, उजेड देवाचाच असतो ना?" मी ताक ठेवून आले.

पोरगा झाला, खामगावच्या दवाखान्यात, सुखरूप. आणि तिसऱ्या दिवशी माझा मुलगा, तुमचा नातू, बापाचाच चेहरा करून म्हणतो, "बाबांचं नाव ठेवायचं. विषय संपला." सून म्हणाली, "तुझ्यासाठी संपला. मी ह्याच्याशी तीन महिने त्या नावानं बोलले आहे, तू मीटिंगमध्ये होतास." मग दोघांचं बोलणं बंद. सगळा व्यवहार माझ्यामार्फत. "आई, तिला विचार, दूध घेतलं का." "मम्मी, त्यांना सांगा, घेतलं." एकाच खोलीत, चार हातांवर बसून. मला पहिले दोन दिवस हसू आलं. पण बाराव्या दिवसाचं बारसं गेलं, मग एकविसाव्याचं गेलं. लसीच्या कार्डावर नावाच्या जागी नुसतं 'बेबी बॉय' लिहिलेलं. डिंकाचे लाडू डब्यात तसेच. पोरीचं दूध कमी होऊ लागलं, बाळ रडून रडून निळं व्हायचं. लेकीनं फोनवर तोड सुचवली, पाळण्यात बाबांचं ठेवा आणि कागदावर वहिनीचं. मी नको म्हटलं. ते ह्या घरात एकदा होऊन गेलं आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी मी देवाची भांडी घासत होते. मुलगा येऊन समोर बसला. म्हणाला, "आई, तू काऊन बोलत नाहीस? आजीनं शाळेत घोळ घातला म्हणून आजोबांचं नाव गेलं. बाबांना ते शेवटपर्यंत लागून होतं. आता त्यांचं तरी जाऊ देणार नाही मी." आतून सुनेच्या पावलांचा आवाज आला, ती बाळाला घेऊन दारात येऊन उभी राहिली. माझ्या हातात तांब्या होता, राखेनं माखलेला. मी म्हटलं, "तुझ्या आजीनं घोळ घातला नव्हता." आणि मग मी सगळं सांगितलं. देवळात कबूल केलेलं, पीठ मळताना तुम्ही ऐकलेलं, शेजारच्या काकूंनी सांगितलेलं, पक्की शाई. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझं नाव..."

"मी मागितलेलं. तुझ्या आजीनं दिलेलं."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. मी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडून आजीला अडाणी म्हणवून घेतलं, आणि मी चहा वाटला."

तो जमिनीवरची राख बोटानं सारखी करत बसला. मग त्यानं, लहानपणी विचारायचा तसं, विचारलं, "मग बाबांचं काय, आई? त्यांना काय पाहिजे होतं? शेवटी दवाखान्यात असताना तुझ्याशी काही बोलले होते का?"

मी सुनेकडे पाहिलं. तिनं काही खूण केली नाही, डोळ्यात पाणीही नव्हतं. फक्त बाळाच्या डोक्यावर तिची हनुवटी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती त्याला नावानं गप्प करत होती, आवाज न काढता. त्या पोराला नाव कधीच पडलं होतं, आत्याबाई. बाकी आम्ही सगळे उगाच भांडत होतो. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "बोलले होते. म्हणाले, माझं नाव कोणाले देऊ नका. पोराच्या आईले जे आवडेल ते ठेवा." मुलगा उठून अंगणात गेला. पाठ करून उभा होता, पण खांदे दिसत होते. थोड्या वेळानं आत आला आणि सुनेला म्हणाला, थेट तिलाच, "लाडू खाल्लास का तू?" ती म्हणाली, "नाही." "मग खा ना." बस. दुसऱ्या दिवशी पंचांग पाहून बारशाचा दिवस ठरवला.

घरात आता बोलणं आहे. बाळ दूध पितं आणि झोपतं. मुलगा येता जाता त्याला ते शिंकेसारखं नाव घेऊन हाक मारतो, आणि मीही मारते. जीभ वळते आहे हळूहळू. सगळे म्हणतात, बाबा किती मोठ्या मनाचे होते. लेकीनं तर बारशाच्या चार बायांत ते सांगितलं, बायांनी पदर डोळ्याला लावला. मी मात्र गुरुवारी पोथी घेऊन बसले तर एकच पान तीनदा वाचलं आणि पुढं सरकलं नाही. देवापुढं मी खोटं बोलत नाही, माणसांपुढंही सहसा नाही. ह्या वेळी बोलले, आणि तेही ज्यांना आता येऊन उलट सांगता येत नाही त्यांच्या नावावर. मुलाला हे कधी सांगणार नाही. सुनेला नाही, लेकीला नाही. ही पानं मी वहीतून काढून देवघराच्या फडताळात ठेवीन, कोणाला द्यायची नाहीत. तुम्हाला मात्र सांगायला हवं, कारण तुम्ही त्यांची आई आहात, आणि ते तुमच्याजवळ असतील तर माझ्यावर रागावलेले असतील. त्यांना समजावणं तुम्हालाच जमेल.

अकोल्याच्या दवाखान्यात, दुपारची वेळ होती, मी त्यांना आपल्या बागेतलं संत्रं सोलून देत होते. म्हणाले, "पोराले पोरगा झाला तं माहं नाव ठेवजा. बापाचं तं बुढीनं घालवलं." मग माझा हात धरून विचारलं, "ठेवशील ना?" मी फोडीवरच्या शिरा काढल्या, ती त्यांच्या तोंडात दिली आणि हो म्हटलं.